पाऊस दिसावा, पाणी दिसू नये

पावसात चांगला फोटो कसा काढावा, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. मी सांगते, शक्यतो काढू नये. लोकांना वाटतं बाई विनय दाखवतायत. पण मी अनुभवाचं सांगत असते.

मी सानपाड्याला स्टेशनजवळ बावीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. दुकान एवढं की गिऱ्हाईक बसलं की मला उभं राहावं लागे आणि मी बसले की गिऱ्हाइकाला. पासपोर्ट साइज, बारसं, मुंज, सोसायटीचा सत्यनारायण, शाळेचे वर्गफोटो, हे पोटाचं काम. त्याआधी गिरगावातल्या एका जुन्या स्टुडिओत मी निगेटिव्ह रिटच करायचे, म्हणजे बारीक पेन्सिलीनं लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण बुजवायचे. सात वर्षं मी माणसं काळ्याची पांढरी आणि पांढऱ्याची काळी अशीच पाहिली. मग सानपाड्याला ब्लॉक लागला, आम्ही खाडी ओलांडली आणि मी स्वतःचं दुकान टाकलं.

खराब हवेचे फोटो काढण्याची मला हौस नव्हती. चांगल्या हवेची गिऱ्हाइकं आधीच इतर फोटोग्राफरांनी वाटून घेतलेली होती. पावसाळा लागला की ते सगळे कॅमेरे कपाटात ठेवून आत बल्ब लावायचे, भिंगाला बुरशी धरू नये म्हणून. त्या चार महिन्यांत कोणाला बाहेरचे फोटो हवे असले तर फक्त मी असायचे. नाव व्हायला तेवढं पुरतं.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. पाऊस फोटोत आपोआप येत नाही. डोळ्यांना धो धो दिसतो, कागदावर नुसता करडा धूर येतो. पाऊस दिसायचा तर त्याच्यामागे काहीतरी काळं लागतं: झाड, भिंत, म्हैस. शटर भरभर उघडलं-मिटलं की थेंबांचे ठिपके येतात, फोटोवर कोणी मोहरी सांडल्यासारखे. जरा सावकाश, सेकंदाचा तिसावा भाग, की रेघा येतात. आणखी सावकाश, पंधरावा भाग, की वाहतं पाणी दुधासारखं होतं आणि जे हालत नाही तेवढं ठसठशीत उठून दिसतं. मात्र तेवढा वेळ फोटो काढणाऱ्यानं श्वास रोखायचा. फ्लॅश मारायचा नाही. मारला तर जवळचे थेंब उजळतात आणि नवरानवरीवर कोणी चुरमुरे उधळल्यासारखं दिसतं.

माझी सामग्री साधी. कॅमेऱ्याला दुधाची रिकामी पिशवी, भिंगापुरतं भोक पाडून रबरबँडनं बसवलेली. छत्री सुतळीनं खांद्याला बांधलेली, म्हणजे दोन्ही हात मोकळे. काच पुसायला जुन्या धोतराचा तुकडा. घरी आलं की कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा. तांदूळ ओल ओढून घेतो. तो तांदूळ आम्ही नंतर खात होतो. सासूबाईंना मी हे सांगितलं नव्हतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. नेरूळच्या एका बिल्डरला भर जुलैत आपल्या इमारतीचा फोटो हवा होता, माहितीपत्रकासाठी, आणि त्यात ऊन हवं होतं. मी म्हटलं, दसऱ्यानंतर या. तो म्हणाला, "शुक्रवारी छपाई आहे." ऊन काही मिळालं नाही, पण पाऊस थांबल्यावर समोरच्या खड्ड्यात तळं साचलं होतं आणि त्यात अख्खी इमारत उतरली होती. मी तो फोटो काढला. बिल्डरनं बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ही खालची बिल्डिंग कोणाची?"

"तुमचीच. पाण्यातली."

त्यानं आणखी थोडा विचार केला. "मग दोन विंग लिहूया," तो म्हणाला.

त्याच माहितीपत्रकावरून सबनीस साहेब माझ्याकडे आले. नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. एका सरकारी कार्यालयात ते जनसंपर्काचं काम पाहायचे. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, पावसातही बुटांना पॉलिश. कार्यालयाचं पुढच्या वर्षाचं कॅलेंडर निघायचं होतं आणि साहेबांना जुलैच्या पानावर नव्या शहरातला पाऊस हवा होता.

"क्रिएटिव्ह पाहिजे, मॅडम," ते म्हणाले. "ब्लॅक अँड व्हाइट. दिल्लीच्या एका कॅलेंडरवर पाहिलंय मी. आणि एक पथ्य आहे. पाऊस दिसला पाहिजे, पाणी दिसता कामा नये."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"म्हणजे रस्त्यावर साचलेलं, घरात शिरलेलं, असलं काही नको. लोक उगीच विषय काढतात. पाऊस येतोय, शहर स्वच्छ आहे, एवढंच."

"पडलेला पाऊस कुठे गेला असं दाखवू?"

"ते दाखवायचं नाहीच आहे," सबनीस साहेब शांतपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रीतसर पत्र आलं, जावक क्रमांकासह. त्यात 'पर्जन्यकालीन कलात्मक छायाचित्रे' असं लिहिलं होतं. मी ते पत्र फाइलला लावलं आणि पावसाची वाट पाहू लागले.

पाणी न दाखवता पाऊस दाखवायची जागा शोधत मी आठवडाभर हिंडले. स्टेशनचं छप्पर झालं, गुलमोहर झाले, छत्र्यांची रांग झाली. ते सगळे फोटो मला रिकामे वाटत होते. मग मला धारण तलाव आठवला.

हे शहर खाडीच्या कडेला, जुन्या भातशेतीवर आणि मिठागरांवर भराव घालून उभं केलंय. मोठी भरती आली की समुद्र शहरापेक्षा उंच होतो. मग शहरात पडलेला पाऊस जाणार कुठे? म्हणून कडेकडेनं मोठे तलाव ठेवलेत. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी त्यात थांबतं, ओहोटी लागली की खाडीत जातं. तलाव आणि खाडी यांच्यामधल्या भिंतीत लोखंडी झडपा असतात, वर बिजागरीला टांगलेल्या. आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं आणि भरती आली की समुद्रच त्यांना दाबून बंद करतो. यंत्र नाही, वीज नाही. एकच अडचण. झडपेत काही अडकलं तर ती मिटत नाही आणि मग खाडी आत शिरते.

आमच्या बाजूच्या तलावावर लक्ष ठेवायला हरिश्चंद्र म्हात्रे होते. शिरवण्याचे, साठीला टेकलेले, काटक. सबनीस साहेबांच्याच कार्यालयाकडे रोजंदारीवर होते. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून गावाच्या खारबांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं लाकडी दार, त्यांच्या घराकडे असायची. शेतं गेली, बांध गेला, वर सेक्टर आले. दार तेवढं लाकडाचं लोखंडी झालं आणि म्हात्रे त्याच्याजवळ राहिले. मी आधी दोन-तीनदा तिकडे फोटो काढायला गेले होते, तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या चौकीत चहा प्यायले होते. मी त्यांना दादा म्हणायचे, ते मला बाय. एकमेकांची नावं विचारायची वेळ आली नव्हती. त्यांचं नाव मला चौकीवरच्या पाटीमुळे माहीत होतं.

अमावास्येचं उधाण होतं आणि सकाळपासून पाऊस कोसळत होता. भरतीचा जोर दुपारी होता. मी साडेबाराला भिंतीवर पोचले. खाडी करडी, आकाश करडं, मध्ये भिंतीची काळी पट्टी. पाऊस दिसायला मागे जे काळं लागतं, ते इथे अख्खं पसरलेलं होतं. मी पंधराव्या भागावर शटर लावलं आणि पहिले दोन-तीन फोटो काढले.

तेवढ्यात म्हात्रे चौकीतून धावत आले. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, चड्डीवर कमरेला टॉवेल, एका हातात पहार, खांद्यावर दोरीचं वेटोळं.

"फळी अडकलीय," ते म्हणाले. "झडप मिटत नाय. मघापासना बगतंय, पानी आत चाललंय."

तलावाच्या कडेला फिरायला रस्ता बांधायचं काम चालू होतं. कंत्राटदाराच्या सेंट्रिंगच्या फळ्या तिथेच पडलेल्या असायच्या. त्यातली एक वाहत येऊन झडपेच्या तोंडात आडवी बसली होती.

म्हात्रे भिंतीतल्या लोखंडी पायऱ्यांवरून खाडीच्या बाजूला उतरले. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी फळीला दोरी बांधली. मी वरून फोटो काढत होते. भिंतीवर पाण्याची पातळी मोजायची फुटांची पट्टी रंगवलेली होती. ती, झडप, फळी, माणूस, आणि सगळ्यावर तिरका पाऊस. बघता बघता ते चित्र जुळून येत होतं. या धंद्यात असं वर्षातून एकदा होतं, कधी तेही नाही.

"बाय, फोटो मंग काड," ते खालून म्हणाले. "ही दोरी धर आदी. फळी सुटली का पान्याबरोबर आत फिरंल, माजा हात सापडंल. वरशी तानून धर."

आणि त्यांनी दोरीचं टोक वर फेकलं. ते माझ्या चपलेवर येऊन पडलं.

म्हात्र्यांनी पहार झडपेत घातली, वर माझ्याकडे पाहिलं आणि थांबले.

मी काच पुसली. श्वास रोखला. फोटो काढला. मग कॅमेरा छातीवर सोडला आणि दोरी उचलली.

शटरला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो, हे वर सांगितलंच आहे. पण काच पुसायला, नजर लावायला, श्वास रोखायला धरून दहा सेकंद तरी गेली असतील. दोरी माझ्या हातात आली तेव्हा ती सैल होती. खाली पाण्याच्या दाबानं फळी आपोआप सुटली, फिरली आणि म्हात्र्यांचा डावा हात तिच्या आणि लोखंडी चौकटीच्या मध्ये गेला. ते ओरडले नाहीत. "तान," एवढंच म्हणाले. मी ताणली. फळी वर आली, झडप धप्पकन मिटली.

ते वर आले तेव्हा हात टॉवेलात गुंडाळलेला होता. टॉवेल लाल होता आणि पावसानं त्याचा रंग उतरत चालला होता.

"बघू," मी म्हटलं.

"काय नाय. चेपलाय जरा."

मी त्यांना मेन रोडपर्यंत नेलं, रिक्षात बसवलं आणि रिक्षावाल्याला हॉस्पिटलचं नाव सांगितलं. मग कॅमेरा वाळवायला घरी गेले. 'चेपलाय जरा' यावर मी विश्वास ठेवला, कारण तसं करणं मला सोयीचं होतं.

त्या दुपारी आमच्या दोन सेक्टरांत तळमजल्याच्या घरांत पाणी शिरलं. गुडघाभर. गाद्या, फ्रिज, एकाचं शिलाई मशीन. लोक दोन दिवस चिडलेले होते आणि वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. मी बाथरूमच्या खिडकीला काळा कागद लावून फिल्म धुतली. शेवटचा फोटो ओल्या निगेटिव्हवरसुद्धा कळत होता. मी आयुष्यात काढलेला तो सर्वांत चांगला फोटो होता आणि आहे.

सबनीस साहेबांनाही तोच आवडला. त्यांनी चष्मा काढून पाहिला, लावून पाहिला.

"फार छान. पाणी आहे, पण ते पाण्यासारखं दिसत नाही. धुक्यासारखं दिसतंय. चालेल." मग त्यांनी पेन्सिलीचं टोक म्हात्र्यांवर ठेवलं. "हा माणूस काढता येईल का? टॉवेल नेसलाय. कॅलेंडर मोठमोठ्या टेबलांवर जातं."

चौकटीच्या डाव्या बाजूनं कापलं तर माणूस आणि झडप दोन्ही जात होते. भिंत, पाऊस आणि खाडी राहत होती. मी कापलं. देवीचे व्रण बुजवण्यापेक्षा हे सोपं होतं.

पंधरा दिवसांनी म्हात्रे माझ्या दुकानात आले. पांढरा शर्ट घातला होता, केसांना तेल होतं. डाव्या हाताला पट्टी.

"पावसान फोटो काडनारी बाय तूच ना," ते म्हणाले. "चवथा दुकान ह्यो. तीन ठिकानी इचारला."

मी त्यांना खुर्ची दिली आणि उभी राहिले.

त्यांना कामावरून काढलं होतं. उधाणाच्या दुपारी चार वाजता त्यांचे वरचे साहेब तलावावर आले तेव्हा चौकी उघडी आणि म्हात्रे जागेवर नाहीत, असा शेरा होता. झडप वेळेवर न मिटण्याचं कारण म्हणून 'चौकीदाराची गैरहजेरी' लिहिलं होतं. म्हात्र्यांनी सांगितलं की मी हॉस्पिटलात होतो, फळी अडकली होती, एक बाय फोटो काढत होती, तिनं पाहिलंय. बायचं नाव काय, असं साहेबांनी विचारलं. ते त्यांना सांगता आलं नाही. म्हणून जबाबात 'एक अनोळखी महिला' असं लिहून घेतलं होतं. फळी दुसऱ्या दिवशी जागेवर नव्हती.

"आता परत चवकशी लावलीय. अर्ज करायचा हाय. दोन फोटो पायजेत." मग म्हणाले, "तू व्हतीस तेवडं येऊन सांगशील का?"

मी त्यांना पडद्यासमोर बसवलं. पट्टीचा हात त्यांनी मांडीखाली घेतला. पासपोर्ट फोटोत हात येत नाही, असं मी सांगितलं. तरी त्यांनी तो तिथेच ठेवला.

"बोटं कशी आहेत?"

"दोन व्हती चेपलेली. एक बरं झालं."

"आणि दुसरं?"

"करंगळी. काडली अर्दी."

मी फोटो काढला. तो हाललेला आला. पुन्हा काढावा लागला.

चौकशीला साक्ष द्यायची म्हणजे कार्यालयाच्या शेऱ्याविरुद्ध बोलायचं. मी आधी सबनीस साहेबांना भेटले. लपवून करण्यासारखं ते काम नव्हतं.

ते ऐकून घेऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमच्यासाठी फोटो काढलेत. साक्षीदार म्हणून नाही."

"तिथे दुसरं कोणी नव्हतं."

"निगेटिव्ह कार्यालयाची मालमत्ता आहे, असं कोणी म्हणू शकेल."

"पत्रात छायाचित्रे लिहिलंय. निगेटिव्ह नाही लिहिलं."

त्यांनी पत्राची कार्यालयीन प्रत काढली आणि सावकाश वाचली. "नाही लिहिलेलं खरं," ते म्हणाले. "पुढच्या वेळी लिहावं लागेल."

पुढची वेळ येणार नाही हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. चहा आला, तो आम्ही प्यायलो.

चौकशीसाठी मी मोठी प्रिंट करायला घेतली. या वेळी माणूस आणि झडप ठेवायची होती. प्रिंट मोठी होत जाते तसं आधी न दिसलेलं दिसू लागतं. फळीवर कंत्राटदाराची अक्षरं रंगवलेली दिसली. पातळीची पट्टी वाचता येऊ लागली. आणि अगदी खालच्या कडेला भिंतीचा काठ, त्यावर माझ्या चपलेचं टोक आणि चपलेवर पडलेली दोरी.

मी त्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं. पाणी दुधासारखं होतं, पाऊस रेघारेघांचा होता, आणि म्हात्रे मात्र दगडात कोरल्यासारखे स्पष्ट. पंधराव्या भागावर कमरेएवढ्या पाण्यातला माणूस एवढा स्पष्ट येत नाही. तो हालत नव्हता म्हणून आला. आणि हालत नव्हता, कारण मी दोरी उचलण्याची तो वाट पाहत होता.

मी छपाईची चौकट अर्धा इंच वर सरकवली. दोरी आणि चप्पल बाहेर गेली. पुराव्याला त्यामुळे धक्का लागत नव्हता, हे मी तपासून घेतलं.

चौकशी एका खोलीत होती. अधिकारी वयस्कर होते, घाई न करणारे. सबनीस साहेबांना बोलावलं होतं. या बाईंना त्या काळात फोटो काढायचं काम दिलं होतं का, एवढंच त्यांना विचारलं. त्यांनी जावक क्रमांक सांगितला, प्रत पुढे ठेवली आणि न विचारता एक वाक्य जोडलं: "काम वेळेत आणि उत्तम झालं." मग ते गेले.

अधिकाऱ्यांनी भिंगातून प्रिंट पाहिली. "फळी दिसतेय. माणूस दिसतोय. पण वेळ कोणती, हे कसं समजायचं?"

मी काही बोलायच्या आत म्हात्रे पुढे झाले. "पट्टी बगा साहेब. पानी कुठं हाय? सातच्या खाली दोन बोटं. अवसेची भरती. सातला पोचली म्हंजे एक वाजला असंल. तुमचा कागद काडा."

अधिकाऱ्यांनी भरतीचं वेळापत्रक मागवलं आणि कागदावर आकडेमोड केली. ती चालू असताना म्हात्रे खिडकीबाहेर पाहत होते. उत्तर एकला पाच मिनिटं कमी असं आलं.

"बरोबर आहे," अधिकारी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "यांनी दोरी वर फेकली, पुढे काय झालं?"

"मी ती लगेच धरली," मी म्हटलं.

टंकलेखकानं विचारलं, "लगेच, की तात्काळ?"

"तात्काळ लिहा," अधिकारी म्हणाले.

म्हात्रे माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. डाव्या हाताच्या पट्टीचं सुटलेलं टोक उजव्या हातानं आत खोचलं.

महिन्याभरात त्यांना परत घेतलं. शेरा बदलून 'झडपेत बाह्य वस्तू अडकल्याने' असा झाला. वस्तू कोणाची, ते लिहिलं नव्हतं. अक्षरं प्रिंटमध्ये स्पष्ट होती, तरी. कॅलेंडर निघालं तेव्हा जुलैच्या पानावर जास्वंदीचं फूल होतं, त्यावर चार थेंब. तो फोटो माझा नव्हता आणि माझ्या मते थेंबही पिचकारीचे होते.

त्यानंतर मी तलावावर गेले नाही. कामं होती, हे खरं. पाच मिनिटांची वाट होती, हेही खरं. शेवटी दिवाळीच्या आधी मी ती निगेटिव्ह पुन्हा लावली आणि पूर्ण प्रिंट केली, कडेपासून कडेपर्यंत, चपलेसकट. कागदात गुंडाळली आणि दुपारी चौकीवर गेले.

म्हात्रे बाकड्यावर बसून जाळं विणत होते. चार बोटांनी त्यांचं बरं चाललं होतं. मी प्रिंट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली आणि वरून खाली येत सावकाश पाहिली. खालच्या कडेशी आल्यावर थांबले.

मी म्हटलं, "दादा, मी दोरी आधी धरायला हवी होती."

"व्हय," ते म्हणाले. "धराया पायजे व्हती."

 माफ केलं नाही आणि रागावलेही नाहीत. मी उभी होते. झडपेतून ओहोटीचं पाणी बाहेर जात होतं, त्याचा आवाज येत होता.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं. "तुम्ही चौकशीत बोलला नाहीत."

"मी वरती बगत व्हतो ना. मना कसा ठाऊक नसंल?" त्यांनी प्रिंट मांडीवर ठेवली. "तेवा बोललो असतो त त्यांनी तुजा फोटो खोटा पाडला असता. मंग माजी नोकरी कोनी दिली असती?"

 

मग त्यांनी फोटो पुन्हा उचलला, थोडा लांब धरला, डोळे बारीक केले.

"फोटो कसा हाय, बाय? तुज्या धंद्याच्या हिशोबान. चांगला हाय का?"

मी खरं ते सांगितलं. "चांगला आहे. माझा सगळ्यात चांगला तोच."

म्हात्र्यांनी मान हलवली आणि जागा शोधायला चौकीच्या भिंतीकडे पाहू लागले.

"मंग बरा झाला," ते म्हणाले. "बोट बी जेला नि फोटो बी वाईट आला असता, त काय केला असता आपन?"